पदवीवरचा चुकीचा शिक्का : गुहागर ते उदोन थानी

गेल्या महिन्यात वेळणेश्वरची एक बी.एड. झालेली मुलगी घरी आली आणि थायलंडमध्ये इंग्रजी शिकवण्याची नोकरी ठरली आहे, पंधरा दिवसांत निघायचे आहे, असे तिने आनंदाने सांगितले. तिच्या फाइलमधल्या पदवीच्या मागे चिकटवलेला अपॉस्टिलचा, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात दाखवायची सरकारी खूण असलेला, चौकोनी कागद पाहिला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण 2018 च्या ऑक्टोबरमध्ये नेमका तसाच कागद घेऊन मी गुहागरहून निघाले होते. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या कागदाचा आहे. पदवी, पासपोर्ट, चांगले इंग्रजी आणि परक्या गावात एकटे राहण्याची तयारी तुमच्याकडे आहे, असे मी धरून चालते.

एजंटाने माझ्याकडून 85,000 रुपये घेतले, आणि त्यातले 14,000 रुपये 'कागदपत्रांचे शासकीय शुल्क' म्हणून लावले. परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिलचे शुल्क एका कागदाला 50 रुपये असते, त्यावर कागद जमा करून घेणाऱ्या संस्थेचा किरकोळ आकार पडतो, हे मला फार उशिरा कळले. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, आणि एजंटाची नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. ते दोन मिनिटांचे काम मी केले नाही. आमच्याकडे आखातात गेलेला माणूस प्रत्येक वाडीत सापडतो आणि 'आमच्या पोराला त्यानेच पाठवले' एवढ्या शिफारशीवर पैसे दिले जातात. तसेच माझ्या वडिलांनी दिले.

पैसे गेले त्यापेक्षा वाईट म्हणजे तो शिक्काच निरुपयोगी होता. अपॉस्टिल ही 1961 च्या हेग करारातली सोय आहे. भारत त्यात 2005 पासून आहे, परंतु ज्या देशात कागद दाखवायचा तो देशही करारात असावा लागतो, आणि मी गेले तेव्हा थायलंड त्यात नव्हता. तिथे चालण्यासाठी पदवीची राज्य शासनाकडून पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन आणि शेवटी थाई वकिलातीचा शिक्का, अशी साखळी लागत होती. तुम्ही जाल त्या वेळी काय लागते ते एजंटाला विचारू नका, थेट मुंबईतल्या थाई वकिलातीला विचारा.

'टुरिस्ट व्हिसावर जा, बाकीचे तिकडे शाळा करून देते,' हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल, त्याच्या कार्यालयातून उठून या. माझा व्हिसा 60 दिवसांचा होता, तो 1,900 बाट (थाई चलन) भरून 30 दिवसांनी वाढवला, आणि त्या काळात मी थायलंडच्या ईशान्येकडच्या उदोन थानी शहराजवळच्या एका शाळेत रोज पाच तास घेत होते. ते बेकायदा होते. परवान्याविना काम करणाऱ्या परदेशी माणसाला तिथे 5,000 ते 50,000 बाट दंड होतो आणि देशाबाहेर काढले जाते. जुलै 2024 पासून भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवसांचा प्रवेश मिळू लागल्यावर तर अशा एजंटांचे आणखीच फावले. परंतु अशी सवलत वर्गात उभे राहण्यासाठी नसते.

जानेवारीत नोकरीचा व्हिसा काढण्यासाठी मी नोंग खायचा पूल ओलांडून लाओसमधल्या व्हिएन्टिआनला गेले. थाई वकिलातीच्या खिडकीवरच्या बाईंनी माझी पदवी उलटी केली, चौकोनी कागदावर बोट ठेवले आणि मान हलवली. त्या अगदी बरोबर होत्या, तरीही त्या दिवशी मेकाँगच्या काठावर बसून मी जेवलेसुद्धा नाही. पुन्हा टुरिस्ट व्हिसा घेऊन परतले, पदवी कुरियरने घरी पाठवली, आणि महिनाभर बिनपगारी खोलीत बसून राहिले. इकडे माझा भाऊ चिपळूणहून रात्रीच्या कोकणकन्येने तीनदा मुंबईला गेला: कधी कलिन्याला विद्यापीठात, कधी मंत्रालयात, कधी वकिलातीत. प्रत्येक खेपेला एक कागद कमी निघत असे. हे काम तुम्ही निघण्यापूर्वी स्वतः करा, त्यासाठी दोन महिने हाताशी ठेवा, आणि शक्यतो कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू होण्याआधी उरका.

फेब्रुवारीच्या अखेरीस दुसऱ्या खेपेला 2,000 बाट भरून 'नॉन-इमिग्रंट बी' हा नोकरीचा व्हिसा हाती आला, तेव्हा पुलावरच्या बसमध्ये मी अनोळखी बायकांना पासपोर्ट उघडून दाखवत होते. पुढे कामाच्या परवान्याची निळी पुस्तिका मिळाली. त्यानंतरचे मे ते सप्टेंबरचे सत्र सुरळीत गेले.

पगाराबाबत स्पष्ट सांगते. एजंटाने 35,000 बाट सांगितले होते, करारात 22,000 निघाले; पहिला आकडा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांसाठी होता. शिवाय करार शाळेशी नसून शिक्षक पुरवणाऱ्या मधल्या कंपनीशी असल्यामुळे एप्रिलच्या सुटीचा पगार मिळाला नाही. करार बारा महिन्यांचा आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, माझ्याकडे 600 मागितले. ती परीक्षा इथूनच देऊन जा. दक्षिण कोरियाचे नाव घेणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नका, कारण तिथला भाषाशिक्षकांचा ई-2 व्हिसा इंग्रजीसाठी सहसा सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांना मिळतो आणि त्यांत भारत नाही.

काम मात्र करण्याजोगे आहे, हे मी मनापासून सांगते. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी 'ल' टिकत नाही, त्याचा 'न' होतो. माझ्या वर्गातली सेहेचाळीस मुले 'बॉल'ला 'बॉन' म्हणत. जीभ टाळूला लावून 'ल' सोडायचा कसा, हे दाखवण्यासाठी मी हातआरसा वर्गात फिरवला होता. शिक्षकाला ते 'ख्रू' म्हणतात. तो आपला 'गुरू' आहे, हे कळले त्या दिवशी मला वर्गातून बाहेर यावेसे वाटेना.

शेवटची गोष्ट अशी की व्हिसाला वर्षाची मुदतवाढ मिळाल्यावर आई आजारी पडली किंवा घरी लग्न निघाले म्हणून तसेच विमानात बसू नका. आधी 1,000 बाट भरून पुनःप्रवेशाचा परवाना घ्या. तो न घेता देश सोडला, की मुदतवाढ तिथेच रद्द होते आणि व्हिसाची सगळी धडपड पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.