तेवीस तास

मी इंदौरला वकिली करते, जास्त करून अॅक्सिडेंट क्लेमची कामं. परवा लोकमान्य नगरचे एक काका आले, खुर्चीत बसायच्या आधीच विचारतात, "बेटा, नव्या कायद्यात पाच वर्षं केलीत न, मग आपल्या केसला दोनच कशी?"

आता काय सांगणार. त्यांचा मुलगा गेला 30 जून 2024 ला, रात्री एकच्या सुमारास, आदल्या संध्याकाळची मॅच जिंकून आपण वर्ल्डकप घेतला होता, सगळं शहर झेंडे घेऊन राजवाड्याकडे निघालेलं आणि हा बिचारा ड्यूटी संपवून स्कूटरवर घरी येत होता. मागून कार. आणि जुन्या आयपीसीच्या जागी आलेली न्याय संहिता लागू झाली 1 जुलैला! तिच्यात निष्काळजीपणानं जीव गेला तर कलम 106 मधे पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण आमची केस जुन्या आयपीसीच्या 304 ए ची, जास्तीत जास्त दोन वर्षं, नुसत्या दंडावरही सुटू शकतो. गुन्हा घडला तेव्हा जी शिक्षा होती तीच, नंतरची वाढीव मागे लावता येत नाही, संविधानातच आहे ते. काकांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे तेवीस तास."

खरं सांगू, मला वर्षांपेक्षा पुराव्याचं टेन्शन जास्त आहे. 106 चा हा भाग पण जमानतीच आहे, पोलिस थाण्यातूनच घरी जातात लोक, आणि पाच वर्षं लिहिली म्हणून कोणी त्या रात्री ड्रायव्हरचा फोन जप्त करत नाही. आमच्यात पंधरा दिवसांनी केला. कॉल डिटेलमधे काहीच नाही कारण कारवाला कॉलवर नव्हताच, स्टेटस बनवत होता. स्टेटस चोवीस तासात गायब, ते तर बरं त्याच्याच ओळखीच्या एका पोरानं स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवलं. चौदा सेकंद. स्टिअरिंगची कड, काचेतून झेंडे, कोणीतरी हसतंय. समोरचे वकील म्हणतात गाडी उभी होती. अहो, मग लाइटचे खांब काय चालत होते?

व्हिडिओ मी काकांना आजवर दाखवला नव्हता. परवा हट्टच धरला. चष्मा पुसून दोनदा बघितला, मग म्हणाले, "यात आमचा बाळू नाही दिसत."

"नाही काका. हा त्याच्या आधीचा आहे."

तिसऱ्यांदा लावायला सांगितला.