चंची, नकाशा आणि बारा मिनिटे

मी दुभाषी आहे. पुण्यात जपानी शिकले आणि गेली अकरा वर्षे तोक्योत राहून हेच काम करते. बहुतेक काम कारखान्यांतले असते, म्हणजे एका बाजूला भारतातून आलेले अभियंते, दुसऱ्या बाजूला इथले पर्यवेक्षक, आणि मध्ये उभे राहून दोघांचे बोलणे जसेच्या तसे पलीकडे पोचवणारी मी. डिसेंबर २०२४ मध्ये मात्र एका प्रवासी कंपनीने मिरजेचे एक सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ माझ्याकडे सोपवले. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे ‘सकाळी १० ते दुपारी ४ : कॉमिक मार्केट’ एवढी एकच ओळ होती. ज्याने ती लिहिली त्याने ते ठिकाण डोळ्यांनी पाहिलेले नाही, हे मला ती वाचतानाच कळले.

कॉमिक मार्केट, म्हणजे इथल्या बोलीत ‘कॉमिके’, हा रसिकांचा मेळा वर्षातून दोनदा तोक्यो बिग साइट या प्रदर्शन संकुलात भरतो. २१ डिसेंबर १९७५ रोजी तो पहिल्यांदा भरला तेव्हा ३२ मंडळे, म्हणजे स्वतःच्या पुस्तिका काढून मांडणारे रसिक किंवा त्यांचे गट, आणि सुमारे ७०० माणसे होती. २०२४ च्या हिवाळ्यात २९ आणि ३० डिसेंबर असे दोन दिवस मिळून सुमारे तीन लाख माणसे आली. प्रत्येक मंडळाला मिळते ते अर्धे टेबल, म्हणजे ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद जागा, आणि तीही अर्ज करून सोडतीत नाव निघाले तर. तेवढ्या जागेत लोक स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका मांडून बसतात. त्यांना दोजिन्शी म्हणतात. बाहेरच्यांना वाटते की हा सगळा चित्रकथांचा आणि रंगीबेरंगी पोशाखांचा मामला आहे. प्रत्यक्षात तिथे बंद पडलेल्या खाणींवर, विजेच्या खांबांवर, उपाहारगृहांतल्या नमुन्याच्या नकली पदार्थांवरही पुस्तिका निघतात. रेल्वेचा तर स्वतंत्र विभागच असतो.

काका आले होते ते या रेल्वे विभागासाठी. भारतीय रेल्वेच्या सिग्नल विभागात त्यांनी छत्तीस वर्षे काढली होती, आणि त्यातली सुरुवातीची बरीच वर्षे एकेरी मार्गावरच्या टोकन यंत्रांची, म्हणजे चालकाला पुढे जायची परवानगी म्हणून हातात धरायची खूण देणाऱ्या यंत्रांची, देखभाल करण्यात गेली होती. त्यांची यादी अकरा मंडळांची होती. शिवाय पुण्यातल्या नातीने चार नावांची दुसरी यादी दिली होती. ही चारही मंडळे चित्रकथांची, नामवंत, आणि म्हणून भिंतीलगत बसणारी होती. रांग दाराबाहेर वळवता यावी म्हणून गर्दी खेचणाऱ्या मंडळांना तिथे भिंतीकडेची जागा देतात. भिंतीवरचा माल सकाळीच संपतो, मधल्या रांगांतला दुपारपर्यंत टिकतो. म्हणून आधी भिंत आणि मग रेल्वे, असा माझा क्रम ठरला. हा क्रम चुकीचा नव्हता, असे मला आजही वाटते.

तयारीवर मी दोन आठवडे खर्च केले आणि त्याचा मला अभिमान आहे. लवकर प्रवेशाच्या तिकिटांसाठी सोडतीत अर्ज केला आणि ती मिळाली. प्रत्येक मंडळाने समाजमाध्यमांवर टाकलेले दरपत्रक उतरवून घेतले, कारण नवे पुस्तक कोणते, जुने कोणते आणि माणशी किती प्रती देणार हे त्यातच असते. दालनांचा नकाशा कागदावर छापून त्यावर टेबलांचे क्रमांक तीन रंगांत खुणावले. गर्दीत फोनला रेंज मिळेलच अशी खात्री नसते, आणि ज्यांची सारी भिस्त फोनवर असते ते दहा वाजताच गोंधळतात. सर्वात जास्त वेळ सुट्ट्या पैशांत गेला. पुस्तिका बहुधा ५०० किंवा १००० येनांना असते, आणि विक्रेत्यापुढे दहा हजारांची नोट धरणे म्हणजे एसटीत कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरण्यासारखे आहे. मी नाणी आणून दिली तेव्हा काकांनी पिशवीतून वडिलांची जुनी चंची काढली. सुपारी, कात आणि लवंग ठेवायच्या तिच्या कप्प्यांत त्यांनी पाचशेची नाणी, शंभरची नाणी आणि हजाराच्या घडी घातलेल्या नोटा अशा वेगवेगळ्या भरल्या. दिवसभर त्यांना एकदाही पैसे शोधावे लागले नाहीत. इथे मिळणाऱ्या सगळ्या पाकिटांपेक्षा ती चंची सरस ठरली.

शब्दांचीही तयारी करून घेतली. तिथे ‘विक्री’ म्हणत नाहीत, ‘हाम्पु’ म्हणजे वितरण म्हणतात, आणि गिऱ्हाईक असे कोणीच नसते. मांडणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा हे तिघेही सहभागीच मानले जातात. हे ऐकून काका म्हणाले, “म्हणजे प्रसाद म्हणा की. देणगी ठेवायची आणि घ्यायचा.” मी इतकी वर्षे हा शब्द उलगडून सांगण्यासाठी चार वाक्ये वापरत आले होते.

त्या दिवशी तोयोसूहून पहाटेची गाडी धरून आम्ही रांगेत उभे राहिलो. रात्रभर तळ ठोकायला तिथे मनाई आहे, त्यामुळे पहिल्या गाड्यांनाच झुंबड उडते. खाडीवरून येणारा वारा हाडांपर्यंत जात होता. साडेदहाला घोषणा झाली आणि हजारो माणसांनी टाळ्या वाजवल्या. धावायचे नाही हा नियम सगळेजण पाळतात, पण ज्या वेगाने चालतात त्याला चालणे म्हणणे धाडसाचे आहे. पहिल्या भिंतीवरच्या रांगेत आमच्या पुढच्या मुलाने मागे वळून ‘सायकोबी’ म्हणजे ‘रांगेचे शेपूट इथे आहे’ असे लिहिलेली पाटी काकांच्या हातात दिली. जो शेवटी येईल त्याने ती धरायची आणि मागून येणाऱ्याकडे सोपवायची. काकांनी ती दोन्ही हातांनी, छातीशी सरळ धरली, आणि मागून आलेल्याकडे देताना मला हळूच म्हणाले, “हे टोकनच आहे. ज्याच्या हातात तो जबाबदार.”

अकरा बावन्नला आम्ही रेल्वे विभागातल्या एका टेबलापाशी आलो. पन्नाशीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. समोर एकच पुस्तिका होती, जपानी रेल्वेच्या टॅब्लेट पद्धतीवरची, सगळी चित्रे हाताने काढलेली. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून इथे पितळेची एक चकती चालकाच्या हाती देत असत. ती जवळ असल्याशिवाय त्याने पुढच्या टप्प्यात शिरायचे नाही. मूळ यंत्र एडवर्ड टायर या इंग्रज माणसाचे, १८७८ चे. काकांनी पान उलटले. त्यावर चार चकत्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध अनुक्रमे गोल, चौकोनी, त्रिकोणी आणि लंबगोल छिद्र. मी मजकूर वाचून दाखवायला तोंड उघडणार तोच काका म्हणाले, “शेजारच्या दोन सेक्शनांची अदलाबदल होऊ नये म्हणून.” त्यांनी दोन बोटे शेजारी धरून एक दुसऱ्यावर चढवली, मग नकारार्थी मान हलवली. त्या गृहस्थांनी ते पाहिले आणि उठून उभे राहिले.

मग काकांनी खिशातून एक जुना फोटो काढला. आपल्याकडच्या नील्सच्या बॉल टोकन यंत्राचा, ज्यातून चकतीऐवजी पोलादी गोळा बाहेर पडतो, आणि तोही पलीकडच्या स्टेशनाने संमती दिल्यावरच. पुढची सात-आठ मिनिटे मला जवळजवळ काही काम नव्हते. एकजण हवेत मूठ फिरवून खटका ओढत होता, दुसरा घंटीचे ठोके तोंडाने वाजवत होता, आणि दोघांनाही सगळे समजत होते. फक्त एक प्रश्न त्या गृहस्थांनी माझ्याकडे वळून विचारला, आणि तो मी अर्धाच पोचवला, कारण माझे लक्ष घड्याळाकडे गेले होते. बारा वाजून चार मिनिटे झाली होती. पश्चिमेकडच्या दालनात नातीच्या यादीतले शेवटचे मंडळ होते. माणशी एकच प्रत, साठा थोडा, आणि वाट किमान वीस मिनिटांची. मी काकांच्या कोपराला हात लावला, त्या गृहस्थांना ‘नंतर पुन्हा येतो’ असे सांगितले, आणि आम्ही निघालो. पुस्तिका तेवढी घेतली होती.

नातीचे पुस्तक मिळाले. आमच्यामागे आणखी दोघांनाच ते मिळाले. मग नकाशात ठरवल्याप्रमाणे आम्ही पंधरा मिनिटे भिंतीशी बसून दशम्या खाल्ल्या. दोन वाजून पाच मिनिटांनी परत आलो तेव्हा त्या टेबलावर खुर्ची उलटी ठेवलेली होती आणि ‘सर्व प्रती संपल्या’ असा कागद चिकटवलेला होता. शेजारच्या बाईंनी सांगितले की ते बराच वेळ थांबले होते, पण घर लांब असल्याने अर्ध्या तासापूर्वी निघाले. त्यांनी दरपत्रकाच्या मागे चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. तोच प्रश्न होता, मी अर्धा सोडलेला: गोळ्याला छिद्र नसते, तर रात्री तो कोणत्या टप्प्याचा आहे हे तुमचा चालक कसा ओळखतो?

काकांनी तिथेच, उभ्या उभ्या उत्तर दिले, पण ऐकायला मीच होते. गोळ्यावर स्टेशनांची अक्षरे आणि क्रमांक कोरलेला असतो. तो हाताने ओळखायचा नसतो, दिव्याखाली वाचायचा असतो, आणि वाचल्याशिवाय गाडी हलवायची नसते.

काकांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. “पोरी, तू बरोबर केलंस, नात खूश आहे,” असे ते आजही फोनवर म्हणतात. मला जे खुपते ते वेळेच्या हिशेबाचे नाही. कारखान्यात बैठक रंगलेली असताना पुढची भेट आहे म्हणून मी कोणाला कधी उठवलेले नाही. वेळ झाल्याचे कानात सांगते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते, कारण दुभाष्याने निर्णय घ्यायचा नसतो. त्या दिवशी मी वाटाड्याही होते, नकाशा माझा होता, तीन रंगांतल्या खुणा माझ्या होत्या, आणि म्हणून मी काकांना न विचारता त्यांच्या कोपराला हात लावला. ‘थांबायचे की जायचे’ हे विचारायला दोन सेकंद लागले असते. कदाचित तेही ‘जाऊया’च म्हणाले असते.

तिथल्या पुस्तिकांच्या शेवटच्या पानावर मंडळाचे नाव आणि संपर्क छापलेला असतो. त्यावर मी काकांचे तीन पानी उत्तर भाषांतर करून पाठवले. ‘गोळा’ या एका शब्दाला नेमका जपानी शब्द शोधण्यात माझी एक रात्र गेली. मार्चमध्ये उलट पत्र आले. त्यात गोळ्याचा व्यास विचारला होता. काकांच्या घरी गोळा नाही, तो सरकारी माल. त्यांनी कागदावर आपला डावा तळवा ठेवून पेन्सिलीने गिरवला, मधोमध आठवणीतला गोळा काढला, आणि तो कागद मला पाठवला. भाषांतर करण्यासारखे त्यावर काहीच नव्हते. कोपऱ्यात जपानीत ‘मूळ आकार’ एवढे लिहून मी तो पुढे टपालात टाकला.