हळहळीला गुण नाहीत

आज आर्मेनियन वंशसंहारावरचे, म्हणजे पहिल्या महायुद्धात ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात झालेल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तली-हद्दपारीवरचे, शिष्यवृत्तीचे निबंध तपासले. बहुतेकांत पहिल्या ओळीत मृतांचा आकडा, मग पानभर हळहळ. हळहळीला गुण कसे देणार? २४ एप्रिल १९१५ ला इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक-विचारवंतांची धरपकड झाली. 'हद्दपारी त्या दिवशी सुरू झाली' हे चूक, झैतून या आर्मेनियन गावातून लोकांना आधीच हुसकावलं जात होतं.

मुलांनो, एकच कागद धरा. अमेरिकी राजदूत मॉर्गेन्थाऊ यांची १६ जुलै १९१५ ची तार घ्या. त्यांना बातमी कुठून मिळत होती? ठिकठिकाणच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासांकडून. ऑटोमन सरकार कारण काय देत होतं? बंडाचं. मग बायकामुलंही सीरियाच्या वाळवंटाकडे का हाकलली, हा प्रश्न तुमचा. त्यालाच निम्मे शब्द द्या. 'पुन्हा असं घडू नये' हा परिच्छेद सरळ खोडा.