हाँगकाँगच्या काँजी-नूडल दुकानात कसं खावं

काँजी, म्हणजे तांदळाची दाट एकजीव पेज, आणि नूडल्स असे दोन्ही वाडगे एकदम टेबलावर आले तर आधी नूडल्स संपवा. काँजी बराच वेळ गरम राहते. नूडल्स मात्र मिनिटागणिक फुगतात.

वाँटन (सारण भरलेल्या छोट्या पुरचुंड्या) घातलेल्या नूडल्सच्या बारीक शेवया गव्हाच्या पिठात बदकाची अंडी आणि क्षाराचं पाणी घालून केलेल्या असतात. काही सेकंद उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, पुन्हा क्षणभर गरम पाण्यात, की लगेच वाडग्यात. गार पाण्यामुळे क्षार आणि चिकट पीठ धुऊन जातं, शेवई दाताला करकरीत लागते. नीट मांडलेल्या वाडग्यात तळाला चमचा, त्यावर वाँटन आणि सगळ्यात वर नूडल्स असतात, म्हणजे त्या सुपात बुडून राहत नाहीत. वाडगाही म्हणूनच लहान. आधी नुसतं सूप चाखा. सुकवलेल्या चपट्या माशाची चव त्यात स्पष्ट कळायला हवी. क्षाराचा वास जास्त वाटला तरच टेबलावरचं लाल व्हिनेगर घाला, तेही थेंबभर.

काँजीला तांदळाच्या दहा-बारा पट पाणी लागतं. तांदळाला आधी तेल-मीठ चोळून ठेवतात, म्हणजे शीत लवकर फुटतं. आपल्या कोकणातल्या पेजेत शीत आणि पाणी वेगळं दिसतं; इथे तसं दिसलं तर काँजी कच्ची उतरवली आहे असं खुशाल समजा. माशाच्या काँजीत पातळ कच्चे काप वाफाळत्या काँजीच्या उष्णतेवरच शिजतात. वाडगा येताच ते खाली दाबा, पांढरे झाल्यावरच खा. अर्धपारदर्शक राहिले तर वाडगा परत द्या. गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून यकृतात कृमी जाऊ शकतात.

खाता खाता काँजी पातळ होते, त्यात दुकानाचा दोष नाही. चमच्याबरोबर लाळ वाडग्यात जाते आणि तिच्यातलं अमायलेज हे पाचक विकर तांदळातला स्टार्च तोडतं. वाटून खायची असेल तर आधीच वेगळ्या वाटीत काढून घ्या. सोबतची यौतियाओ, म्हणजे पिठाची तळलेली पोकळ लांब काडी, घासापुरतीच बुडवा. आधीच तुकडे करून टाकले तर लगद्यासारखी होते.

शाकाहारी असाल तर साध्या पांढऱ्या काँजीवरही डोळे झाकून विसंबू नका. ती बऱ्याचदा डुकराच्या हाडांवर किंवा सुकवलेल्या शिंपल्यांवर शिजलेली असते. ऑर्डर देण्याआधीच विचारा, कारण मोठं पातेलं सगळ्यांसाठी एकच असतं.