दोघांनीच युरोप: व्हिसाच्या फाईलपासून व्हिएन्नापर्यंत

२०२५ च्या मे महिन्यात मी आणि नवरा असे आम्ही दोघंच पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली आणि व्हिएन्ना फिरून आलो, सगळं आपलं आपण बुक करून. टूर कंपनीबरोबर जायचं नव्हतं, कारण त्यांचा कार्यक्रम बघितला की सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर ठेवा आणि रात्री नव्या गावात उतरा असाच प्रकार असतो, आणि आम्हाला दोघांनाही एका जागी जरा रेंगाळायला आवडतं. आल्यापासून शाळेतल्या मैत्रिणी, नात्यातले लोक सगळे एकच विचारतायत, व्हिसा तुमचा तुम्ही कसा काढलात? म्हणून नीट सगळं लिहिते, कोणाला तरी उपयोग होईल.

पहिलं काम रूट ठरवायचं, बाकी सगळं त्यावर अवलंबून असतं. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट, त्यात आता २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे जाता येतं, पण अर्ज करायचा तो ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम आहे त्याच्याकडे. बरेच लोक सांगतात की जिथे विमान उतरतं तिथला व्हिसा काढा. तसं नाहीये, पहिला देश तेव्हाच बघतात जेव्हा दोन देशांतले दिवस सारखे असतात. आमचं विमान पॅरिसला उतरणार होतं पण रात्री जास्त स्वित्झर्लंडमध्ये होत्या, म्हणून अर्ज स्विसचा केला. दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा स्लॉट, म्हणजे अपॉइंटमेंटची वेळ, लवकर मिळतोय म्हणून तिकडे अर्ज टाकायचा आणि राहायचं तिसरीकडेच, हा सल्लाही आम्हाला मिळाला होता, कृपा करून असलं काही करू नका, फाईल वाचणाऱ्याला ते तारखांवरून लगेच दिसतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णय साधारण पंधरा दिवसांत देतात पण काही केसेसमध्ये ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. आता मी शिक्षिका, माझी सुट्टी मे ते जूनचा मध्य एवढीच, आणि त्याच सुट्टीत अख्खा महाराष्ट्र निघतो, त्यामुळे आम्ही फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घेतली. मार्च-एप्रिलमध्ये स्लॉटसाठी लोकांची जी तारांबळ उडते ती बघवत नाही. फी मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. म्हणूनच फाईलवर जीव ओतायचा.

फाईल म्हणजे काय तर तुमची एकच गोष्ट सगळ्या कागदांनी सांगायची. फॉर्मवरच्या तारखा, विमानाचं रिझर्वेशन, हॉटेल, इन्शुरन्स, रजेचं पत्र, सगळीकडे तारीख जुळली पाहिजे. हॉटेलं आम्ही फ्री कॅन्सलेशनवाली घेतली, आणि एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही, बुकिंगच्या कागदावर बहुतेक वेळा एकाचंच नाव येतं, दोघांचीही नावं यायला हवीत, प्रत्येक हॉटेलला मेसेज करून आम्ही ती घालून घेतली. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो. पासपोर्ट परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे, दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे आणि दोन पानं कोरी पाहिजेत.

नोकरीच्या पत्राचा भाग माझ्या बाबतीत जरा वेगळा होता. ऑफिसवाल्यांना रजा मंजूर असल्याचं पत्र मिळतं, पण मे महिन्याची सुट्टी ही रजा नसतेच ना! मग मुख्याध्यापिका बाईंनी लेटरहेडवर छान लिहून दिलं की ह्या आमच्याकडे कायम शिक्षिका आहेत, शाळेला उन्हाळी सुट्टी अमुक ते अमुक तारखेला आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडताना त्या कामावर हजर होणार आहेत. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुम्ही परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे. नवऱ्याचा छापखाना आहे, त्याने जीएसटीचं सर्टिफिकेट, उद्यमची नोंदणी, आयटीआर, आणि धंद्याचं खातं व घरचं खातं अशी दोन्ही बँक स्टेटमेंट्स शिक्का मारून लावली. मधेच एक एफडी मोडून खात्यात मोठी रक्कम आली होती, तर त्या एफडीची पावती जोडली आणि कव्हर लेटरमध्ये एका ओळीत लिहून टाकलं. माझ्या पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे, त्यामुळे महापालिकेचं लग्नाचं सर्टिफिकेटही लावलं. कव्हर लेटर एक पानाचंच, कुठे जाणार, कधी, खर्च कोण करणार, परत का येणार. लांबलचक काही लिहायची गरज नाही.

सेंटरवर कागद बघून घेतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. नवऱ्याच्या बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात, आयुष्यभर कागद हाताळून हाताळून बोटं गुळगुळीत झालीयेत त्याची. काउंटरवरच्या मुलीने अजिबात न वैतागता त्याला ओला टिश्यू दिला, बोटं एकेक करून पुसायला लावली, मग स्वतः उठून येऊन त्याचं बोट काचेवर हलकेच दाबून धरलं आणि शेवटी मशीनने हिरवं दाखवलं. मला तिचं फार कौतुक वाटलं. हे ठसे ५९ महिने चालतात, त्या मुदतीत परत अर्ज केला तर बहुतेक पुन्हा द्यावे लागत नाहीत. पासपोर्ट आले तेव्हा आधी स्टिकर वाचला, नाव, तारखा आणि किती दिवस राहायची परवानगी आहे ते. व्हिसाची मुदत आणि राहायचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात, दोन्ही पाळायचे.

मुंबईहून जाताना पॅरिस आणि येताना व्हिएन्ना असं मल्टि-सिटी तिकीट काढलं, म्हणजे पहिल्या गावाला परत यायला नको. सामानाचं म्हणाल तर ट्रेनमध्ये आपली बॅग आपणच चढवायची असते, तेव्हा प्रत्येकी एकच, आणि ती स्वतःला उचलता आली पाहिजे. भाजणी, मेतकूट, मुगाची डाळ, तांदूळ नेले, पण तूप आणि पेढे घरीच ठेवले कारण बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. राहायला किचन असलेल्या खोल्या घेतल्या होत्या, खिचडीवर तिथलं लोणी घातलं, मस्त लागली.

पॅरिसबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. मे संपत येताना तिथे रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस केवढा मोठा मिळतो, आम्ही रोज जेवून परत नदीकाठी फिरायला बाहेर. तिथून गार द लियों स्टेशनवरून टीजीव्ही ह्या फास्ट ट्रेनने तीन तासात बाझेल आणि पुढे गाडी बदलून इंटरलाकेन. ह्या फास्ट गाड्यांची तिकिटं आधी काढली की बरीच स्वस्त पडतात, व्हिसा हातात आल्याच्या रात्रीच आम्ही ती काढली.

स्वित्झर्लंडमध्ये पासचं गणित बसून करावं लागतं. ट्रॅव्हल पास घेतला की बहुतेक ट्रेन, बस, बोटी फुकट पण युंगफ्राउयोख ह्या बर्फाळ डोंगरातल्या उंच स्टेशनला जाणाऱ्या वरच्या टप्प्याला फक्त २५ टक्के सूट, हाफ फेअर कार्डावर मात्र सगळीकडेच साधारण निम्मं भाडं. आम्ही एकाच गावात राहून जवळपास फिरणार होतो, त्यामुळे हाफ फेअर कार्ड फायद्याचं होतं. रोज नवं शहर करणार असाल तर उलट. युंगफ्राउयोखचं तिकीट आधी काढू नका, सकाळी उठून त्यांचे लाईव्ह कॅमेरे बघा, वर ढग असतील तर दुसऱ्या दिवशी जा. आम्ही असेच एक दिवस थांबलो आणि दुसऱ्या दिवशी असं लख्ख ऊन, की काय सांगू! ग्रिंडेलवाल्डवरून गोंडोला म्हणजे केबल कार, मग आयगर डोंगराच्या पोटातून जाणारी ती १९१२ ची रेल्वे, मधे आइसमेअर स्टेशनला काही मिनिटं थांबते आणि खिडकीतून भेगा पडलेलं निळसर बर्फ अगदी समोर दिसतं. वर ३,४५४ मीटरवर हवा विरळ असते, हळूहळू चालायचं, पाणी पीत राहायचं. येताना वेंगेनमार्गे उतरलो. थांबलेल्या दिवशी लाउटरब्रुनेनच्या दरीत नुसते चालत राहिलो, जवळपास तीनशे मीटरवरून पडणारा तो श्टाउबबाख धबधबा वाऱ्याने मधेच विस्कटून जातो, खाली येईपर्यंत पाण्याची नुसती वाफ. आमचा सगळ्यात आवडता दिवस हाच. आणि हो, रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात, स्टेशनवरची चालू असतात, शनिवारीच किराणा भरून ठेवा.

इटलीत जाताना स्पीझवरून सिंप्लॉनच्या बोगद्यातून मिलान. तिथे दुओमो ह्या मोठ्या चर्चच्या छतावर चढा, बाकी शहर आम्ही घाईतच बघितलं. व्हेनिसला जायच्या दिवशी रेल्वेचा संप होता. पण तिकडे संप आधी जाहीर करतात, आणि लांब पल्ल्याच्या कुठल्या गाड्या सुटणारच ह्याची यादी असते, आमची गाडी त्या यादीत होती, वेळेवर सुटली. कामाच्या दिवशी लोकल गाड्याही सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ सोडायलाच लागतात, तेव्हा घाबरून महागडी टॅक्सी करू नका. व्हेनिसला काही ठराविक दिवशी, दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश फी असते. मुक्काम असेल तर माफ, अगदी पाण्याअलीकडच्या मेस्त्रे भागात राहिलात तरी, पण त्यासाठी ऑनलाईन नोंद करून क्यूआर कोड घ्यायचा. तो आमच्याकडे स्टेशनबाहेरच मागितला. हॉटेलचा सिटी टॅक्स वेगळा.

व्हेनिस ते व्हिएन्ना मुद्दाम दिवसाची गाडी घेतली, तेव्हा साडेसात तासांच्या वर लागले. शेवटी शेवटी सेमेरिंगचा घाट लागतो. हा रेल्वेमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला, आणि तो बांधणारा इंजिनिअर कार्ल फॉन गेगा जन्माने व्हेनिसचाच. दोन मजली दगडी कमानींचे पूल, वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात, नवरा उठून खिडकीला चिकटला आणि म्हणाला अगं हा आपला खंडाळ्याचा घाट! आपला भोर घाट १८६३ चा, म्हणजे नऊच वर्षांनी. हा रस्ता झोपेत घालवायचा नाही.

व्हिएन्नात ऑपेरा हाऊसला उभं राहून बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. आत गेल्यावर आपल्या जागी दांडीला स्कार्फ बांधून ठेवायचा, की जागा आपली, कोणी हलवत नाही. मी माझी ओढणी बांधली. समोर छोट्या स्क्रीनवर इंग्रजीत शब्द येतात, त्यामुळे काय चाललंय ते कळतं. शेवटपर्यंत उभे होतो दोघं आणि पाय दुखलेले नंतर लक्षात आले.

आम्ही गेलो तेव्हा पासपोर्टवर शिक्के मारत होते, ऑक्टोबर २०२५ पासून त्याऐवजी फोटो आणि ठसे घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायची पद्धत सुरू झालीये, तेव्हा विमानतळावर जास्त वेळ धरा. आणि एक चांगली गोष्ट, २०२४ पासून भारतीयांसाठी नियम बदललाय, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा जाता येईल असा, व्हिसा मिळू शकतो. आमचा एक झालाय. दुसऱ्यासाठी पोर्तुगाल आणि स्पेन ठरवलंय, बाईंना सुट्टीच्या पत्राचं आत्ताच सांगून ठेवलंय.