शेवटचं पान काकांच्या हातात

शुक्रवारी संध्याकाळी पाचला मतदान बंद झालं. तीन मतं मला, तीन मतं काकांना. आणि बरोबरी झाली तर ज्याचा क्रमांक वरचा तो पुढे, हा नियम ठरवताना सगळ्यात मोठ्याने 'हो हो' कोण म्हणालं होतं? मीच.

आधी थोडं सांगते. आमच्या कॅनडातल्या विनिपेगच्या ऑफिसात हिवाळ्यात दुसरं करण्यासारखं काही नसतं. बाहेर उणे तीस, इंजिन गोठू नये म्हणून गाडी प्लगला लावलेली, डब्यातले पोहे मायक्रोवेव्हमध्ये फिरतायत. अशात कुणीतरी टूम काढली की आपण आठ जणांनी आइस हॉकीच्या सगळ्या काळातल्या खेळाडूंमधून आपापला संघ निवडायचा आणि प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद मालिका, खेळवायचे. खेळवायचे म्हणजे कागदावर. प्रत्येक संघात वीस खेळाडू आणि एक कोच. ज्या दोघांची मालिका असेल त्यांनी आपापली बाजू मांडायची, उरलेल्या सहा जणांनी मत द्यायचं. (नाशिकच्या मैत्रिणीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग ध्यानचंद कुणाकडे?" बाई, ती हॉकी वेगळी.)

मला हा खेळ कळायला लागला तो मुलामुळे. दहा वर्षं पहाटे साडेपाचला रिंकवर त्याच्या स्केट्सच्या नाड्या आवळल्या आहेत. काचेमागे उभं राहून गारठलेल्या हातांनी कॉफी पिताना आजूबाजूचे बाप जे बोलायचे ते कानावर पडत गेलं. पुढे मुलाने हॉकी सोडली, मी नाही सोडली.

उपांत्य फेरीत माझ्यासमोर आले पेरोलच्या शेवटच्या टेबलावर बसणारे, मूळचे क्युबेकचे एक गृहस्थ. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी त्यांना मनातल्या मनात 'काका' म्हणते. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा त्यांचा संघ नाही, कुलदैवत आहे. निवडीत त्यांची सहावी पाळी होती. पहिल्यांदा जाँ बेलिव्हो, मग फेरी उलटी (आठव्यापासून परत पहिल्याकडे) फिरल्यावर अकराव्या निवडीला मॉरिस रिशार. डग हार्वे मधल्या मध्ये आठव्या निवडीला दुसऱ्याच कुणी उचलला, तर काका त्या दिवशी कुणाशी धड बोलले नाहीत. पुढे गोली, म्हणजे गोलरक्षक, पात्रिक रुआ, रे बोर्क, गी लाफ्लर, लॅरी रॉबिन्सन. अगदी शेवटी, बाकीचे कंटाळून फोन बघत असताना, बॉब गेनी आणि गी कार्बोनो. कोच टो ब्लेक, आठ स्टॅन्ली कपवाले (स्टॅन्ली कप म्हणजे इथल्या एनएचएल या मुख्य लीगचं विजेतेपद). एकटा बोर्क सोडला तर सगळं घरचंच.

माझी पाळी तिसरी. ग्रेट्स्की गेला, बॉबी ऑर गेला. गॉर्डी हाऊ समोर होता आणि मी मारियो लम्यू घेतला. टेबलावर दोघांनी च्च केलं. त्यांचं म्हणणं मला कळतं. हाऊ 1767 सामने खेळला, लम्यू पाठीच्या दुखण्यातून आणि आजारपणातून कसाबसा 915. पण मला तो हवाच होता. जानेवारी 1993 मध्ये त्याला हॉजकिन्स या कर्करोगाचं निदान झालं. 2 मार्चला शेवटचं रेडिएशन घेतलं आणि त्याच रात्री फिलाडेल्फियात येऊन तो खेळला, एक गोल केला, एक करवला. एरवी पाहुण्या संघाला शिव्या घालणारं ते गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. माझ्या आईचं रेडिएशन चालू होतं तेव्हा ती घरी आली की चपलांसकट पलंगावर आडवी व्हायची. चपला मी काढायचे. त्यामुळे हाऊ कितीही थोर असू दे.

त्या मोसमात लम्यूने 60 सामन्यांत 160 गुण (केलेले आणि करवलेले गोल मिळून) केले, बरं का.

चौदाव्याला गोली डोमिनिक हाशेक, एकोणिसाव्याला निकलस लिडस्ट्रॉम, मग माइक बॉसी आणि ब्रायन ट्रॉटिए अशी जोडगोळीच. ही दोघं न्यूयॉर्क आयलंडर्सकडून 1980 ते 83 असे सलग चार कप एकत्र जिंकली, म्हणून कोचही त्यांचाच घेतला, अल आर्बर. सेहेचाळिसाव्याला यारोमीर यागर अजून शिल्लक बघून मला हाव सुटली. हा 'हाव' शब्द लक्षात ठेवा.

आता मालिका. दोन याद्या शेजारी ठेवून कुणाचे कप जास्त आणि कुणाचे गोल जास्त असं मोजत बसणारे लोक मला कधीच पटत नाहीत. बर्फावर एका वेळी प्रत्येकी एक गोली आणि पाच खेळाडू, ते पाचही पाऊण मिनिटासाठी. त्या पाऊण मिनिटात कुणासमोर कोण, यावर खेळ असतो. खेळ थांबला की पाहुण्या संघाने आधी आपले गडी उतरवायचे, यजमानाने ते बघून मग आपले. म्हणजे शेवटचं पान यजमानाच्या हातात. सात सामन्यांच्या मालिकेत पहिला, दुसरा, पाचवा आणि सातवा सामना वरच्या क्रमांकाच्या घरी. वरचा क्रमांक काकांचा.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत काकांनी मला हे टेबलावर मांडून दाखवलं. पांढऱ्या साखरेच्या पुड्या त्यांच्या, तपकिरी माझ्या. मी लम्यूची पुडी पुढे सरकवली की ते शांतपणे बोटाने कार्बोनोची पुडी तिच्यासमोर आणून ठेवायचे. शेजारी गेनी. मी लम्यू मागे घेऊन ट्रॉटिए काढला की ते बेलिव्हो आणायचे. पुन्हा लम्यू, पुन्हा कार्बोनो. एक शब्द बोलले नाहीत. चौथ्या वेळेला माझ्या लम्यूची पुडी फुटली.

कार्बोनो म्हणजे गोल करणारा माणूस नव्हे, करू न देणारा. बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठी असलेली सेल्की ट्रॉफी त्याने तीनदा घेतली. गेनीने तर ती सुरू झाल्यापासून सलग चार वर्षं घेतली. 1993 च्या फायनलमध्ये पहिला सामना हरल्यावर कार्बोनोच कोचकडे गेला आणि म्हणाला, समोरच्या संघातला ग्रेट्स्की अडवायला मला द्या. पुढचे चारही सामने मॉन्ट्रियलने जिंकले. त्यानंतरची तीस वर्षं कॅनडातल्या एकाही संघाला कप मिळाला नाही, म्हणून काकांना तो जून तारीखवार पाठ आहे. त्याच प्लेऑफमध्ये रुआने जादा वेळेतले दहा सामने ओळीने जिंकले, फायनलमध्ये तर समोरच्या सँडस्ट्रॉमला डोळा मारला. काका हे सांगताना स्वतःही डोळा मारतात.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती वेगळीच. ही मालिका आमच्या कल्पनेतली, असं सगळे म्हणतात. ती जवळजवळ खरी झाली होती. त्याच 1993 च्या वसंतात लम्यूचा पिट्सबर्ग लागोपाठ दोन कप जिंकून बसलेला होता. त्यांनी दुसऱ्या फेरीत आयलंडर्सना हरवलं असतं तर पुढे त्यांच्यासमोर मॉन्ट्रियलच होतं. लम्यूसमोर कार्बोनो, मागे रुआ, अगदी काकांच्या पुड्यांसारखं. 14 मेला सातवा सामना पिट्सबर्गमध्येच, तीन-तीन, जादा वेळ. आणि आयलंडर्सच्या डेव्हिड वोलेकने गोल मारला. झालं! आयलंडर्स पुढे जाऊन मॉन्ट्रियलकडून 4-1 मार खाऊन घरी गेले आणि आपल्याला जे बघायचं होतं ते कायमचं राहून गेलं.

मी हे सगळं लिहून मांडलं. तर काकांचं एका ओळीचं उत्तर: "तेव्हा आयलंडर्सचा कोच कोण होता, विचार तिला."

अल आर्बर. माझा कोच. माझ्याच कोचने माझ्याच कॅप्टनला घरी पाठवलं होतं आणि निवड करताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी उलट लिहिलं की लम्यूला कसं अडवतात हे ज्याला माहीत, त्यालाच त्याला सोडवायचंही माहीत असणार. हसले सगळे. मत किती जणांचं बदललं कोण जाणे.

गोलींच्या बाबतीत मात्र मी काकांना हलू दिलं नाही. रुआने प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान तीनदा मिळवलाय, ते दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही, मान्य. पण समोरासमोर काय झालं? नागानो, 1998, ऑलिंपिकची उपांत्य फेरी. एका टोकाला रुआ, दुसऱ्या टोकाला हाशेक. एक-एक बरोबरी, मग पेनल्टी शॉट्स. हाशेकने कॅनडाचे पाचही अडवले. त्या पाचांत रे बोर्क होता, म्हणजे काकांच्या संघातला डिफेन्समन. ग्रेट्स्की बाकावरच बसून राहिला. रुआला रायखेलने एकदा चकवलं आणि तेवढं पुरलं. चेक संघ सुवर्ण घेऊन गेला. यावर काका म्हणाले की ती ऑलिंपिकची हॉकी, मालिका नव्हे. एका रात्रीचं काय घेऊन बसलीस? मुद्दा बरोबर आहे, पण तो हरलेल्या माणसाचा मुद्दा आहे.

रिशारच्या 50 सामन्यांतल्या 50 गोलांवरून थोडी चकमक झाली. मी म्हटलं 1944-45, निम्मे चांगले खेळाडू युद्धावर. काका म्हणाले, प्लेऑफमध्ये 133 सामन्यांत 82 गोल केले तेव्हा कुठलं युद्ध होतं? मी गप्प बसले. पॉवर प्लेमध्ये (म्हणजे समोरचा गडी शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना) बेलिव्होचं नाव आल्यावर तर मी काही बोललेच नाही. या माणसाने 1955 मध्ये बॉस्टनचे खेळाडू पेनल्टीत असताना 44 सेकंदांत तीन गोल केले. तेव्हा दोन मिनिटांची शिक्षा पूर्ण भोगावी लागायची, कितीही गोल होवोत. पुढच्या मोसमापासून नियमच बदलला, एक गोल झाला की शिक्षा संपली. एका संघाला आवरायला लीगला नियम बदलावा लागतो, त्याच्याविरुद्ध मी काय लिहिणार!

आता हाव. माझ्याकडे बॉसी उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने हल्ला करणारा, यागरही उजवाच, आणि लम्यूच्या डाव्या हाताला धड कुणी नाही. मी यागरला डावीकडे लावलं. तो डाव्या हाताचा आहे, काय बिघडतंय, असं वाटलं. पण त्याने सगळं नाव कमावलं ते उजव्या बाजूने, भिंतीला पाठ लावून, पक, म्हणजे खेळाची चकती, अंगाआड झाकून. प्लेऑफच्या आधी क्रमवारी ठरवताना तीन जणांनी नेमक्या याच गोष्टीचे गुण कापले. मी तिसरी आले, काका दुसरे. म्हणजे शेवटचं पान त्यांच्याकडे गेलं ते माझ्याच हाताने. आणि शेवटी तीन-तीन झाल्यावर कपाळावर आलं तेही हेच. मला मत न देणाऱ्या तिघांपैकी दोघांनी लिहिलं होतं, 'सातव्या सामन्यात, कार्बोनोमुळे.' तिसऱ्याने नुसतं 'यागर??' लिहिलं, दोन प्रश्नचिन्हांसकट.

सोमवारी काका फायनल हरले. ऑरवाल्याने त्यांना पाच सामन्यांत गुंडाळलं. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढच्या हिवाळ्यासाठी माझी यादी तयार आहे. पहिलं काम, खराखुरा डावा विंगर. यागर शिल्लक दिसला तरी डोळे मिटायचे. आणि तिसरी पाळी पुन्हा मिळाली तर शेवटच्या फेरीतली 158वी निवड माझी. ती डेव्हिड वोलेक. खेळवणार नाही त्याला. माझ्या बाकावर, माझ्या नजरेसमोर बसवून ठेवणार.