दहाच्या पुढे मोजायचं नाही

बावीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर रोकड मोजतेय. शंभर नोटा, रबर, पुढचं बंडल. बोटांचं हे वळण श्वासालाही लागलंय, हे ध्यानाच्या वर्गात गेले तेव्हा कळलं.

आनापानसतीचा, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायच्या ध्यानाचा, पहिला टप्पा ऐकायला सोपा. श्वास बाहेर गेला की एक, परत गेला की दोन, असं दहापर्यंत. मग पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी घंटा वाजली तेव्हा मी त्रेसष्टवर होते. दुसऱ्या टप्प्यात श्वास आत घ्यायच्या आधी मोजायचं, तिसऱ्यात आकडे सोडायचे, चौथ्यात श्वास नाकाला जिथं लागतो तेवढ्या जागेवर लक्ष ठेवायचं. बाकीचे चौथ्यात पोचले, मी दीड महिना दहावर थांबायला शिकत होते.

आमच्याकडे वंदना रोजची. त्रिसरण-पंचशील मला बाराखडीच्या आधी पाठ. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन ऐकतच मोठी झाले, पण घरात ध्यानाला कुणी बसल्याचं आठवत नाही. अण्णा मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, नामांतराच्या आंदोलनात पाठीवर काठ्या खाल्लेले. मला डोळे मिटून बसलेलं बघितलं आणि म्हणाले, "कामून बसल्या बसल्या झोपायलीस? बाबासाहेबांनी डोळे उघडायला सांगितलं होतं, मिटायला नाही."

त्यात हे वर्ग त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या पद्धतीचे. तो संघ १९६७ साली लंडनला संघरक्षित नावाच्या इंग्रज भिक्खूंनी काढला म्हटल्यावर तर अण्णा पेटलेच. "आता गोरे शिकवणार आपल्याला?" मी म्हटलं, अण्णा, ६ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेब गेले त्या दिवशी, हाच माणूस नागपुरात होता. दीक्षा घेऊन दोन महिनेही न झालेली माणसं रडत होती, त्यांच्यापुढं शोकसभेत उभा राहून बोलला. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा घेताना मात्र विचारलं, "झालं का आज तुमचं मोजणं?"

मी खुर्चीवर बसते. मांडी घातली की गुडघे ओरडतात, आधी लाज वाटायची. मग विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत सगळ्यांबरोबर गेले. तिसऱ्या लेणीतले बुद्ध चक्क पाय खाली सोडून बसलेत, आणि समोर गुडघे टेकून हात जोडलेली दगडी माणसं, गळ्यात माळा, अंगावर दागिने. तेव्हापासून खुर्ची निर्धास्त ओढते.

मला खरं घाम फोडला तो मैत्री भावनेनं, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायच्या दुसऱ्या ध्यानानं. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवाभावाच्या मैत्रिणीचं, मग तटस्थ व्यक्तीचं, मग जिच्याशी पटत नाही तिचं, शेवटी सगळ्या प्राणिमात्रांचं. लोक चौथ्या टप्प्याला घाबरतात. मला तो सोपा गेला, जाऊबाई न बोलावता हजर! अडले तिसऱ्यात. तटस्थ म्हणजे जिच्याविषयी ना राग ना लोभ. आमच्या गल्लीत असं माणूस आणायचं कुठून? इथं कुणाच्या घरी किती वाजता काय शिजतं यावरही माझं मत आहे.

शेवटी टँकरवाला सापडला. आमच्याकडे नळ आठवड्यानं येतो, तोही कधी रात्री दोनला, त्यामुळे टँकर ठरलेला. हा माणूस सहा वर्षं दारात येतोय, पैसे हे देतात, मी फक्त टाकीचं झाकण उघडते. डोळे मिटले आणि त्याचा चेहराच आठवेना. आठवला तो हात, गळक्या पाइपला सायकलची ट्यूब गुंडाळणारा. महिनाभर मी त्या हाताचंच भलं चिंतलं.

पुढच्या खेपेला मुद्दाम गेटपाशी उभी राहिले. पन्नाशीचा असेल. डाव्या अंगठ्याला नख नाही. "काय मॅडम, काही राहिलं का?" म्हणाला. मी गाव विचारलं. पैठणकडचा. आज्याचं घर नाथसागराच्या पाण्यात गेलं, म्हणाला, आणि पाइप गुंडाळायला लागला.

वर्गातल्या ताईंना हे सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, मग आता तो तटस्थ राहिला नाही, दुसरं कुणी बघा. रद्दीवाल्याचा विचार चाललाय. पण तो काटा मारतो, म्हणजे तो चौथ्यातच जाणार.